कीर्द बंद झाली तेव्हा

सोसायटीत कॉम्प्युटर येऊन वर्ष झालं तरी आमची कीर्द-खतावणी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची आणि खात्यांची रजिस्टरं, हातानेच चालू होती. मी धुळ्याच्या शिंदखेडा तालुक्यातल्या एका विकास सोसायटीत, म्हणजे शेतकऱ्यांना पीक कर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेत, क्लार्क आहे. केंद्राने जून २०२२ मध्ये देशभरातल्या ६३ हजार सोसायट्या कॉम्प्युटरवर आणायला २,५१६ कोटींची योजना मंजूर केली, त्यातूनच आमच्याकडे कॉम्प्युटर, प्रिंटर, सॉफ्टवेअर सगळं आलं, ट्रेनिंगही झालं. तरी रोज संध्याकाळी मी आधी रजिस्टरमध्ये लिहायचो आणि मग तेच परत कॉम्प्युटरवर टाकायचो, लाइट असली तर, नसली तर उद्या, उद्याचं परवा, आणि मार्चमध्ये तर आठ-आठ दिवसांचं साचायचं.

लोक म्हणतात जुनी माणसं शिकत नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. देशातलं पहिलं आधार २०१० ला आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत दिलं, इथल्या माणसाला अंगठा टेकवायची सवय कधीचीच आहे, आणि आमचे सचिव रिटायरमेंटला आलेत तरी सॉफ्टवेअर माझ्याआधी शिकले. खरी अडचण वेगळीच होती. चेअरमन मीटिंगला रजिस्टरच मागायचे, तपासणीला आलेले साहेबही "कीर्द दाखवा" म्हणायचे. मग ज्याच्यावर सही होते तेच खरं ना, कॉम्प्युटरचं काम नुसतं उरकायचं.

याची झळ सभासदाला बसते हो. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर आपल्याकडे शून्य टक्के व्याज पडतं, म्हणून भरणा कोणत्या तारखेला पडला याला फार किंमत आहे. एका आजोबांनी कापूस विकून मार्चअखेर पैसे भरले, रजिस्टरला तारीख बरोबर, कॉम्प्युटरवर मात्र माझ्याकडून एप्रिलची पडली आणि त्यांना व्याज लागलं. नंतर दुरुस्त झालं, पण दीड महिना ते चकरा मारत होते, मला अजून वाईट वाटतं.

त्यानंतर सचिवांनी मीटिंगमध्ये सरळ सांगितलं, आता कर्जाची बाकी स्क्रीनवर बघायची, रजिस्टर टेबलावर येणार नाही. चेअरमन आधी नाराज झाले, मग म्हणाले बरं, प्रिंट काढा, मी प्रिंटवर सही करतो. पंधरा दिवसांत माझं डबल काम सुटलं.

परवा तेच आजोबा आले, "भाऊ, मन्हा नाववर कितलं बाकी शे?" मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी चष्मा पुसून आकडा वाचला, तारीख वाचली, मग प्रिंट मागितली आणि घडी करून पासबुकात ठेवली.