चवथीच्या सुट्टीतलं बाकीचं गणित

लेक नववीत, चवथीच्या सुट्टीतही गणिताचा होमवर्क, आणि आम्ही गोव्यात डिचोलीला मूळ घरी, म्हणजे टीचर लांब आणि बाबा जवळ. पहिलं गणित, २ च्या १०० व्या घाताला ७ ने भागलं तर बाकी किती. मी ऐटीत मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडला, त्याने १.२६७६ का कायतरी दाखवून पुढे ई ३० लिहिलं, म्हणजे गुणिले १० चा ३० वा घात, त्यातून बाकी काय कप्पाळ काढणार!

मग माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट, बांधून झालेली, तिच्या सामानाच्या यादीचा कागद उलटा केला नि लहान घातांपासून सुरू केलं. २, ४, ८, १६, ३२, ६४. बाक्या २, ४, १, २, ४, १. लेक म्हणाली, "बाबा, अख्खा आकडा कशाला, नुसती बाकीच दुप्पट करत जाऊया, सातच्या वर गेली की सात वजा." खरंच की. म्हणजे तीनचं चक्र, १०० ला ३ ने भागून उरला १, आणि मी उत्तर १ सांगून मोकळा. अरे पण तो १ म्हणजे चक्रातली पहिली जागा, तिथे बसलाय २! उत्तर २.

खरी फजिती फिबोनाचीत झाली. १, १, २, ३, ५, ८, मागच्या दोघांची बेरीज करत जायची, प्रत्येकाला ४ ने भागायचं. बाक्या १, १, २, ३ आणि पाचवी परत १, मी म्हटलं झालं, चारचं चक्र. ५० वं पद विचारलेलं, ५० ला ४ ने भागून २ उरले, दुसऱ्या जागी १, पुस्तकाच्या मागेही १. छाती फुगली. पुढे ६० वं पद, माझं उत्तर ३, पुस्तकात ०. छपाईची चूक असणार म्हणून मी अर्धा तास हटून बसलो, तेवढ्यात लाईट गेली.

टॉर्च धरून लेकीने पुढच्या बाक्या लिहिल्या, १, १, २, ३, १, ०, १, १, २, ३, १, ०. पाचव्या १ नंतर १ नाही, ० येतो. पुढचं पद दोघांवर ठरतं, त्यामुळे एकटा १ परत दिसून भागत नाही, १, १ ही जोडीच यायला हवी. चक्र सहाचं. आणि ५० ला ६ ने भागलं तरी उरतात २च, म्हणून तिथे माझं चुकीचं खपून गेलेलं.

यादीवरून वहीत उतरवताना तिने माझं चारचं चक्रही लिहिलं, लाल पेनाने खोडलं आणि बाजूला लिहिलं, बाबा.