आमची वाटचाल: जळालेल्या मोटरींच्या मागं मागं

आमच्या दुकानाच्या पाटीवर वर मोठ्यानं 'सबमर्सिबल, ओपनवेल, मोनोब्लॉक रिवाइंडिंग' आणि खाली बारीक अक्षरात 'मोटर का जळाली ते सांगून काम केले जाईल' असं लिहिलंय. सबमर्सिबल, ओपनवेल, मोनोब्लॉक ह्या पाण्याच्या पंपांच्या जाती, आणि रिवाइंडिंग म्हणजे जळालेल्या मोटरीतली तार काढून नवीन भरायची. पेंटर म्हणाला होता, त्यापेक्षा 'उधारी बंद' लिहा, कामाला येईल. त्याचंही बरोबरच होतं म्हणा, पण ती खालची ओळ उधारीतनंच आलीय, म्हणून सांगतो, जरा लांबण लागंल.

मी पलूस तालुक्यातला. किर्लोस्करवाडी शेजारीच, 1910 पासून तिथं कारखाना, त्यामुळं पंप, कास्टिंग, शिफ्ट हे शब्द आमच्याकडं पोरांना बाराखडीबरोबरच येतात. वडिलांना वाटायचं मी तिथंच चिकटावं. मी आयटीआयला वायरमन केलं, 2003 ला पास झालो आणि जाऊन चिकटलो भोसरीला, एका पॅनल बनवणाऱ्या वर्कशॉपात, कॉन्ट्रॅक्टवर. पाच वर्षं लग्ज क्रिंप करायच्या, फेरूल घालायचे, वायरी ड्रेस करायच्या, बास. 2008 च्या शेवटी मंदी आली तसे कॉन्ट्रॅक्टवाले पहिले घरी, त्यात मी. मग गावात रिचार्जचं दुकान काढलं, आठ महिन्यांत बंद. मग विम्याच्या पॉलिसी विकल्या, सोयरे संपले तशा पॉलिस्या पण संपल्या, आणि दोन चुलत्यांनी तर लग्नकार्यात समोर यायचं बंद केलं. ह्यात सांगण्यासारखं काही नाही, वय तिशीकडं चाललेलं आणि घरचे विचारायचे थांबलेले, ते जास्त लागायचं.

मग एका पंप डीलरकडं वसुलीची नोकरी मिळाली. मोटरसायकल, वही आणि शिव्या खायची तयारी, एवढंच क्वालिफिकेशन. सकाळी उसात, दुपारी द्राक्षबागेत, जिथं माणूस सापडंल तिथं गाठायचं. आणि निम्म्या ठिकाणी एकच उत्तर, "अरं बाबा, मोटर जळलीय, पाणी न्हाई पिकाला, तुझं पैसं कुठनं देऊ?" मला आधी वाटायचं बहाणा आहे. एकदा एका अण्णांना म्हटलं, दाखवा मोटर. त्यांनी शेडात नेलं, मोटर तिथंच पडलेली, एका उन्हाळ्यात तिसऱ्यांदा जळालेली. दरवेळी वर काढायचे पैसे, भरायचे पैसे, परत सोडायचे पैसे. माझ्या डीलरचं बिल राहिलं बाजूला, माणूस नुसत्या रिवाइंडिंगमध्येच बसत चालला होता.

तेव्हापासनं वसुलीच्या वहीच्या मागच्या पानांवर मी लिहायला लागलो. कुणाची मोटर, किती एचपी, कधी जळाली, दिवसपाळीला का रातपाळीला. बऱ्याच रातपाळीच्या निघाल्या. कारण साधं आहे. रात्री उठायला नको म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच, लाइट आली की मोटर आपोआप चालू. बाराला लाइट आली की एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदमच उचलतात, व्होल्टेज बसतं, मोटर ताकद लावायला करंट ओढते. वर फ्यूजच्या जागी तारेचा जाड पीळ, ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा, तो फुल्ल फिरवून ठेवलेला, कारण 'सारखा ट्रिप मारतोय'. आणि त्यात तीन फेजपैकी एखादा गेला, म्हणजे एका वायरीची लाइट बंद झाली, तर मग विचारायलाच नको. भरणारा मिस्त्री मोटर भरून देतो, पण स्टार्टर तसाच, पीळ तसाच, मग ती परत जळणारच की. हे वसुलीवाल्यानं सांगितलं तर कोण ऐकतंय, उलट मलाच म्हणायचे, तू पैसे मागायला आलायस का मास्तरकी करायला.

म्हणून 2013 ला नोकरी सोडून मिरजेत एका चाचांकडं रिवाइंडिंग शिकायला गेलो. वय 29, बाकीची पोरं सतरा-अठराची, मी सगळ्यांचा चहा आणायचो. चाचांनी पहिले तीन महिने वाइंडिंगला हात लावू दिला नाही. त्यांचा एकच नियम, जळालेली मोटर आली की छिन्नी घ्यायच्या आधी दहा मिनिटं नुसतं बघत बसायचं. मोटरीतल्या तीन फेजच्या कॉइली जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा. स्टार कनेक्शनच्या मोटरीत दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि तिसरी चकचकीत असंल तर एक फेज गेला होता. डेल्टात उलटं, एकच फेज काळा. सगळंच सारखं करपलं असंल तर ओव्हरलोड नाहीतर लो व्होल्टेज. आणि एकाच स्लॉटपाशी (कॉइल बसते त्या खाचेपाशी) ठिपक्याएवढं जळलं असंल तर तिथं इन्सुलेशन कापलंय. माझ्या वहीतल्या मागच्या पानांचं उत्तर असं समोर लिहिलेलंच होतं, तांब्यात! बघितल्यावरच मग वेढे मोजायचे, तारेचा गेज (जाडी), पिच (कॉइल किती स्लॉटांवर पसरते ते), कनेक्शन कागदावर उतरवायचं आणि नंतर तोडायचं. पाण्याच्या सबमर्सिबलला तार वेगळी, पॉलीची (प्लास्टिकचं आवरण असलेली), ती एकेक वेढा हातानं ओढून स्लॉटातनं ओवावी लागते, पहिल्या महिन्यात माझ्या बोटांना जेवताना चटणी लागायची नाही, एवढी सोललेली.

2015 च्या दिवाळीनंतर पलूसला दहा बाय बाराचा गाळा घेतला. मुद्रा योजनेतनं शिशू गटातलं 50,000 चं लोन, बायकोची एक पाटली आणि चाचांनी दिलेला जुना मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर). पहिल्याच महिन्यात माती खाल्ली. साडेसात एचपीची सबमर्सिबल, मालक घाईत, आणि नेमकी ट्रायल घ्यायच्या वेळी दुकानातली लाइट गेली. म्हटलं, कनेक्शन बरोबरच आहे, न्या. दोनशे फुटांवर चार माणसं लावून, तिपाई-चेनपुली लावून मोटर सोडली, आणि रात्री फोन, "नुस्ती हुं हुं करतीया, पाणी न्हाई." कॉइलींच्या एका ग्रुपची सुरुवात आणि शेवट मी उलटा जोडला होता. काढायचा-सोडायचा सगळा खर्च मी भरला, मोटर परत भरली, त्या महिन्यात घरी दळण उधार आणलं. तेव्हापासनं सबमर्सिबल भरली की रात्रभर पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायची, सकाळी मेगर लावायचा, मग ट्रायल घेऊन तिन्ही फेजचा करंट टाँग टेस्टरनं (वायरीला चिमट्यासारखं लावायच्या मीटरनं) बघायचा आणि मगच बिल. गिऱ्हाईक कितीबी ओरडू दे.

दुकान खरं उभं राहिलं ते 2019 च्या पुरानंतर. सांगलीत कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा नदीकाठच्या सगळ्या मोटरी पाण्याखाली. पाणी उतरल्यावर दुकानासमोर चिखलानं भरलेल्या मोनोब्लॉक अशा लायनीत लावलेल्या, रेशनच्या दुकानासमोर पिशव्या ठेवतात तशा. लोकं धरूनच चाललेली की सगळं नव्यानं भरायचं. पण बुडालेली मोटर म्हणजे जळालेली मोटर नव्हे, ओली असताना कुणी चालू केली नसंल तर बरेचदा वाचते. आम्ही उघडून स्वच्छ पाण्यानं धुतल्या, आत 200 वॅटचे बल्ब सोडून वाळवल्या, रोज मेगर, रीडिंग वर आलं की वार्निश आणि नवीन बेअरिंग. त्यात मिसेस उभी राहिली, प्रत्येक मोटरीला चिठ्ठी बांधून रोजचं रीडिंग तिनं लिहिलं, मी तर नावंच विसरायचो. ज्या वाचल्या त्यांना भरणावळ लावली नाही. एका नातेवाइकानं मला खुळ्यात काढलं, सगळ्या भरल्या असत्यास तर बंगला झाला असता म्हणाला. झाला असता, पण ते सगळे परत आले असते का?

आता तीन पोरं कामाला आहेत, कॉइली मिसेस भरते आणि माझ्यापेक्षा तिच्या एकसारख्या येतात हे मी दुकानात कबूल करत नाही. मोटर परत देताना स्टार्टरचा फोटो मागवतो, फ्यूजमध्ये पीळ दिसला की आधी तो काढायला लावतो, नाहीतर गॅरंटी नाही. काही जण रागावून दुसरीकडं जातात. खुशाल जाऊ द्या.

पुढचं टेन्शन सोलरचं. मागेल त्याला सौर कृषी पंप मध्ये दहा टक्के भरून पंप मिळतोय, त्याला पाच वर्षं वॉरंटी, म्हणजे ती मोटर माझ्याकडं येणारच नाही लवकर. दिवसा पाणी, ऑटो स्विचची भानगड नाही, शेतकऱ्याला चांगलंच आहे, मला कसं वाईट म्हणता येईल? कंट्रोलरचं काम शिकायला घेतलंय, पण ते बोर्ड बघितले की भोसरीचे दिवस आठवतात आणि झोप येते. धाकटा कारागीर जास्त पटकन शिकतोय, बहुतेक ते टेबल त्यालाच द्यायला लागणार. सध्या टाकीत दोन मोटरी बुडवलेल्या आहेत, सकाळी सातला मेगर लावायचाय.