बिव्हिओ: दोन खिंडींच्या तोंडाशी

कूरहून सेंट मॉरिट्झकडे जाणारी पिवळी पोस्ट बस चढ चढायला लागली की वाटेत मार्मोरेराचा तलाव लागतो. झ्युरिक शहराला वीज हवी म्हणून इथे धरण बांधलं आणि 1954 मध्ये जुनं मार्मोरेरा गाव पाण्याखाली गेलं. स्वित्झर्लंडमध्येही धरणग्रस्त असतात, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं!

तलाव संपला की थोडं वर बिव्हिओ. उंची 1769 मीटर, वस्ती जेमतेम दोनशेची, आणि एवढ्याशा गावात चर्च मात्र दोन: एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट. इथून एक वाट ज्युलियर खिंडीकडे जाते, दुसरी सेप्टिमरकडे. सेप्टिमरपलीकडच्या ब्रेगाल्या खोऱ्यातले लोक उन्हाळ्यात गुरं घेऊन इकडच्या कुरणांवर यायचे. त्यातले काही इथेच राहिले. ते प्रोटेस्टंट, आणि बोली इटालियन वळणाची. या बाजूचे मूळचे, रोमान्श ही लॅटिनमधून आलेली इथली जुनी भाषा बोलणारे, बहुतेक कॅथलिक. म्हणून इथलं पाणी उत्तरेला ऱ्हाईन नदीला मिळत असूनही, म्हणजे गाव आल्प्सच्या उत्तरेकडच्या उतारावर असूनही, गावाची भाषा इटालियन झाली.

मी उतरलो होतो त्या खाणावळीत हे सगळं एकाच टेबलाभोवती ऐकायला मिळालं. मालकीणबाई फोनवर जर्मन बोलत होत्या, मध्येच स्वयंपाकघराकडे वळून इटालियनमध्ये ओरडल्या, आणि कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या आजोबांना रोमान्शमध्ये काहीतरी विचारलं. आजोबांनी मान वर न करता उत्तर दिलं ते इटालियनमध्ये. त्याचं कोणाला काही वाटलंही नाही. मी विचारल्यावर बाई म्हणाल्या, कोणाशी काय बोलायचं ते लहानपणीच ठरून जातं, नंतर बदलायला गेलं की अवघडल्यासारखं होतं. तोवर माझे कापुन्स आले: बीटवर्गातल्या हिरव्या पानांत गुंडाळलेलं पीठ, आत सुक्या मांसाचे तुकडे, वर वितळलेलं चीज. एका माणसाला जरा जास्तच.

पण चित्र वाटतं तितकं गोड नाही. 2000 च्या जनगणनेतच निम्म्याहून जास्त गावकऱ्यांनी आपली भाषा जर्मन सांगितली होती. 2016 पासून बिव्हिओ ही स्वतंत्र ग्रामपालिकाही नाही, खोऱ्यातल्या इतर गावांबरोबर ती सुर्सेस नावाच्या नव्या ग्रामपालिकेत विलीन झाली. दुकानातल्या बिस्किटांच्या पुड्यावर जर्मन, फ्रेंच, इटालियन होतं. 1938 मध्ये मतदान घेऊन राष्ट्रभाषा केलेली रोमान्श काही त्यावर दिसली नाही.

जाणार असाल तर मुक्काम करा आणि सकाळी सेप्टिमरची वाट धरा. 1387 मध्ये याच खिंडीतून गाड्या जाऊ शकतील असा फरसबंद रस्ता केला होता. 2310 मीटरवरची खिंड ओलांडली की उतार थेट कासाच्चाला पोहोचवतो, तिथून मालोयामार्गे सेंट मॉरिट्झची बस मिळते. जूनमध्येही वर बर्फ असू शकतो, तेव्हा खाणावळीत विचारूनच निघा. कोणत्याही भाषेत विचारा.