युनियन केली नसती तर? तुम्ही विचारलंत म्हणून

पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मयतीला गेलो असताना घाटावरसुद्धा मला हाच प्रश्न आला. "भाऊ, तुमी ते युनियन नसती केली तं नोकरी राह्यली असती ना?" विचारणाऱ्यानं उत्तर आधीच ठरवलेलं असतं, मी फक्त मान हलवायची असते. इतकी वर्षं काहीतरी बोलून मी उठत आलो. आज सगळं लिहितो. त्यातला एक भाग मी घरीही सांगितलेला नाही.

पुण्याला कारखान्यात वेल्डिंग करायचो, युनियनच्या कमिटीत होतो, पुढे नोकरी गेली आणि गावी परत आलो, हे तुम्हाला माहीत आहे. एवढंच सांगतो की गावात सगळे 'कारच्या कंपनीत' म्हणत असले तरी आमचा कारखाना कारचा नव्हता. कार कंपनीला दारं आणि खालचा पत्रा वेल्ड करून देणारा तो व्हेंडर होता.

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या बंद मिलकडे बोट दाखवून लोक म्हणतात, "हे पन युनियननंच खाल्ली." मग संपाचे पुढारी दत्ता सामंत यांचं नाव निघतं. 1982 चा तो संप मुंबईच्या गिरण्यांचा होता. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 मध्ये सुरू झाली आणि त्या संपानंतर वीस वर्षांनी बंद पडली. पण आमच्याकडे प्रत्येक बंद भोंग्याचं खापर त्याच एका संपावर फुटतं.

मजुरीनं कंपनी बुडते, हे मलाही बरीच वर्षं खरं वाटायचं. कमिटीत आल्यावर एका जुन्या कार्यकर्त्यानं ताळेबंद वाचायला शिकवलं. देशातली सगळ्यात मोठी कार कंपनी शंभर रुपयांची विक्री करते तेव्हा त्यातले चार-पाच रुपये पगारावर जातात, साहेबांच्या पगारासकट. माल आणि सुटे भाग यांवर सत्तरच्या वर जातात. मी खूश झालो. मग कळलं की आम्ही त्या सत्तरमध्ये आहोत. आमची मजुरी त्यांच्या हिशोबात मजुरी नाहीच, ती दाराची किंमत आहे. आणि त्या दाराचा दर कार कंपनी वर्षागणिक थोडा कमी करून मागायची. पोलादाचा भाव आमच्या मालकाच्या हातात नव्हता, विजेचं बिल नव्हतं. राहता राहिली माणसं.

मग ती कमी होत गेली. मी लागलो तेव्हा एका स्टेशनवर चौघं जण वेल्ड गन धरायचे, नंतर तिथं दोन रोबो आणि एक माणूस उरला. 2019-20 मध्ये देशातली कारविक्री सुमारे अठरा टक्क्यांनी घसरली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे कडक नियम, लागू होणार होते, आणि छोट्या डिझेल गाडीला त्या नियमांत बसवायचा खर्च परवडेना. मारुतीनं तर डिझेल गाड्याच बंद केल्या. आमच्याकडचं मोठं काम ज्या मॉडेलचं होतं, त्याची निम्म्याहून जास्त विक्री डिझेलची होती. ते मॉडेल आटलं. फोर्डनं सप्टेंबर 2021 मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं, तेव्हा दहा वर्षांतल्या दोन अब्ज डॉलरहून जास्त तोट्याचं कारण दिलं होतं. त्यात युनियनचं नाव नव्हतं.

इथवर मी नेहमी जोरात बोलतो. पुढचं टाळत आलोय.

2016 च्या कराराच्या वेळी बोलणी अडली, म्हणून आम्ही अकरा दिवस काम हळू केलं. कार कंपनीची लाईन दोनदा थांबली. त्याच वर्षाअखेर त्यांनी परराज्यात दुसरा व्हेंडर उभा केला. फेब्रुवारी 2020 मध्ये आमच्या शॉपमधली उरलीसुरली फिक्स्चर, म्हणजे वेल्ड करताना पत्रा पकडून ठेवणारे सांगाडे, ट्रेलरवर चढली, ती त्याच व्हेंडरकडे गेली. ज्या फिक्स्चरवर मी अकरा वर्षं उभा होतो, ते ताडपत्री बांधून गेटबाहेर गेलेलं मी पाहिलं. तेव्हा तुमच्या प्रश्नात काहीच तथ्य नाही असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. अकरा दिवस हळू केले नसते तर दुसरा व्हेंडर आला नसता का? मला वाटतं, आला असता. एकाच व्हेंडरवर विसंबून राहायला कुठल्याच कंपनीला आवडत नाही. पण हे मला वाटतं, इतकंच.

आता तो करार.

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा 2014 मध्ये आयटीआय करून निघाला. मीच त्याला पुण्याला नेलं, आमच्याच कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर लावलं. आमच्या खोलीवर राहायचा, महिन्याला पंधराशे रुपये जेवणाचे म्हणून माझ्या बायकोच्या हातात द्यायचा. ती नको म्हणायची तरी द्यायचा. मी आणि तो एकाच लाईनवर, गन तीच, तासाला दारं तितकीच. मी परमनंट म्हणून माझ्या हातात एकतीस हजार, त्याच्या हातात साडेनऊ. सात महिने झाले की ब्रेक, कारण दोनशे चाळीस दिवस भरले की हक्क सांगता येतो. मीही तसेच चार-पाच ब्रेक खाऊन परमनंट झालो होतो, म्हणून मला त्यात वावगं दिसलं नाही. 'त्याचाही नंबर लागेल,' असं मी बहिणीला फोनवर सांगत होतो.

कराराच्या शेवटच्या बैठकीला रात्रीचे दोन वाजले. आम्ही तीन वर्षांत बारा हजारांची वाढ मागितली होती, ते सहावर अडले होते. मग एचआरच्या साहेबांनी कागदावर हिशोब मांडला. आठ हजार सातशे देतो, पण तासाला अडतीसऐवजी चव्वेचाळीस दारं द्या, आणि कॉन्ट्रॅक्टची साठ पोरं कमी होतील त्यावर बोंब करू नका. पहिल्या दोन गोष्टी करारात लिहिल्या गेल्या. तिसरी फक्त तोंडी होती. आम्ही कमिटीचे सात जण बाहेर व्हरांड्यात आलो. कुणी तरी म्हणालं, ती आपली सभासद नाहीत. मी काही बोललो नाही. सही करणारा मी चौथा.

करार एक तारखेपासून लागू झाला. सकाळी सहाच्या शिफ्टला गेटवर मीटिंग, गुलाल, पेढे. माझ्या गळ्यात हार होता. पलीकडे कॉन्ट्रॅक्टच्या रांगेत एकेकाचं कार्ड पंच होईना. ठेकेदाराचा माणूस यादी वाचून त्यांना बाजूला काढत होता. भाचा त्यातून सरळ माझ्याकडे आला. ओरडला नाही. म्हणाला, "मामा, तुमाले मालूम होतं का?"

मी म्हणालो, "नाही रे."

तो त्याच रात्री महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसून पुलगावला आला. निघण्याआधी त्या महिन्याचे पंधराशे फ्रिजवर ठेवले होते, वर चमचा ठेवून, उडू नयेत म्हणून. बहिणीचा फोन आला, "माया लेकाचं काय चुकलं रे?" मी सांगितलं, कंपनीनं कमी केले, आमच्या हातात नव्हतं. त्या कराराच्या एरिअर्समधून मी गावच्या घरावर स्लॅब टाकला. तुमच्यातले कितीतरी जण त्याच स्लॅबखाली चहा घेत मला युनियनबद्दल विचारतात.

त्या वेळच्या माझ्याशी मी अजून भांडतो. तो म्हणतो, कॉन्ट्रॅक्टवाले कायद्यात बसत नाहीत, आधी परमनंट मजबूत होऊ दे, मग त्यांचं बघू. पुढे मी तेव्हा लागू असलेला 1926 चा ट्रेड युनियन कायदा स्वतः वाचला. त्यात त्या उद्योगात काम करणारा माणूस पाहायचे. तो कुणाच्या पगारपत्रकावर आहे, ही अट नव्हती. आम्ही त्यांना सभासद करू शकलो असतो. तो म्हणतो, केलं असतं तर ठेकेदारानं त्यांना दुसऱ्याच दिवशी काढलं असतं. हेही खरं आहे. तो म्हणतो, तुझ्या लेकीची फी होती, बापाचं कर्ज होतं. होतं. मग मी त्याला विचारतो, 'नाही रे' का म्हणालास? यावर तो गप्प राहतो.

आणि साठ पोरांची मजुरी वाचवूनही काम राहिलं नाहीच. सव्वातीन वर्षांनी आम्हीही व्हीआरएसच्या, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या, कागदावर सह्या केल्या. करारावर सही करताना निदान पगार तरी वाढला होता. या वेळी एचआरचा साहेब म्हणाला, तीन दिवसांत सही कराल तर इतके, नाहीतर कायद्यानं वर्षाला पंधरा दिवसांचे घ्या. आमच्या मागे रांगेत उभं राहायला तेव्हा कुणीच नव्हतं.

मी परत आलो, चार एकर आहे, रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान टाकलं. भाचा जेसीबी चालवतो. बकेटचे दात झिजले की माझ्याकडेच येतो, बसतो, चहा घेतो. त्या सकाळबद्दल त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. तो मोबाईलवर वाचतो, त्यामुळे हे त्याच्यापर्यंत जाईल. बाळा, मला माहीत होतं.

त्याचा धाकटा भाऊ या जूनमध्ये चाकणला निघालाय, कॉन्ट्रॅक्टवरच. परवा दुकानात येऊन म्हणाला, "मामा, तिथं युनियन हाय का, पाहून ठेवा ना." मी जुन्या ओळखीच्या माणसाला फोन केला. आहे म्हणाला, चांगली आहे, मान्यताप्राप्त आहे, नुकताच करारही झालाय. मी विचारलं, कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना सभासद करतात का. तो म्हणाला, नाही, अजून तरी नाही.

पोराला हे अजून सांगितलं नाही. त्याचं तिकीट काढून झालंय.