तुमच्याकडे मुख्यमंत्री असतो का रे?

सुट्टीला घरी आलो की हा प्रश्न ठरलेला. जर्मनीचा चान्सलर, म्हणजे तिथला पंतप्रधान, सगळ्यांना माहितीये, पण मी तिथे स्टुटगार्टला राहतो म्हटलं की लगेच "मग तिथे मुख्यमंत्री पण असतो का रे?" तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, असतो. १६ राज्यं आहेत, त्यातल्या १३ ठिकाणी त्याला मिनिस्टरप्रेझिडेंट म्हणतात, आणि बर्लिन, हॅम्बुर्ग, ब्रेमेन ही शहर-राज्यं, तिथे महापौर तोच मुख्यमंत्री. शाळा, पोलिस हे सगळं राज्याच्या हातात. वर दिल्लीत, आपलं, बर्लिनला जे बुंडेसराट आहे ना, आपल्या राज्यसभेसारखं, तिथे खासदार वगैरे नाहीत, राज्य सरकारचीच माणसं जाऊन बसतात. आमच्या बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्याची तिथे ६ मतं, आणि सहाच्या सहा एकाच बाजूला टाकावी लागतात.

मामाचा पुढचा प्रश्न मात्र नेहमी एकच. "आणि राज्यपाल कोण?"

कोणीच नाही! ते पदच नाहीये. आधी कोणाला बोलवायचं, बहुमत सिद्ध करायला किती दिवस द्यायचे, शपथ पहाटे की दुपारी, ही आपली सगळी करमणूक तिथे बाद. विधानसभा, म्हणजे लांडटाग, स्वतःच मत टाकून मुख्यमंत्री निवडते, तेही गुप्त मतदानाने.

आता गुप्त म्हटलं की मामा सावरून बसतो, मग मी त्याला हायडे सिमोनिसची गोष्ट सांगतो. जर्मनीतली पहिली महिला मुख्यमंत्री, १९९३ पासून श्लेस्विग-होलस्टाइनची. २००५ च्या निवडणुकीनंतर तिच्या बाजूला ३५ आमदार, समोर ३४, म्हणजे काठावर का होईना पण जमलेलं. १७ मार्चला मतदान झालं, तिला ३४. परत घेतलं, ३४. तिसऱ्यांदा ३४, चौथ्यांदाही ३४च, आणि बाई तिथेच सभागृहात बसून प्रत्येक वेळी तोच आकडा ऐकतायत. आपल्यातलाच कोणीतरी एक, चारही वेळा. शेवटी त्यांनी नाद सोडला. तो एक कोण होता ते आजवर बाहेर आलेलं नाही, कोणी पुढे येऊन मीच म्हणालं नाही.

मामाला हे काही केल्या पटत नाही. "फुटला आणि कोणाला सांगितलं पण नाही? मग मंत्रिपद कसं मिळणार त्याला?"