लहान पोरांना आधी मोठा बॉल द्या

तीन वर्षांच्या पोराला थेट टेनिस बॉल देऊ नका हो, तो झेपत नाही आणि मग पोरगं खेळायचंच सोडून देतं. आधी मोठा, हलका, मऊ बॉल घ्या, नाहीतर सरळ फुगा, तो हवेत हळू येतो त्यामुळे डोळ्यांना तो बघायला आणि हातांना तिथे पोचायला वेळ मिळतो. या वयात मुलं बॉल छातीशी कवटाळून धरतात, ते अगदी नॉर्मल आहे, नुसत्या तळव्यांनी झेलणं साधारण पाच-सहा वर्षांनंतर जमायला लागतं. लाथ मारणं तर मला सगळ्यात भारी वाटतं, कारण क्षणभर एका पायावर तोल सांभाळावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या गाइडलाइनप्रमाणे ३-४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी. पुण्यात फ्लॅटमध्ये हे कुठून होणार! म्हणून संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या यायच्या आत पोरांना खाली न्या, रविवारी तळजाई टेकडीवर न्या.

थोडी मोठी झाली की लगोरी शिकवाच. नेम धरून मारायचं, पळायचं, वाकून सात चकत्या रचायच्या, परत बॉल चुकवायचा, एवढं सगळं एका खेळात आणि खर्च शून्य. आबाधुबी, म्हणजे एकमेकांना बॉल मारायचा खेळ, मात्र मऊ बॉलनेच, आणि डोक्यावर मारायचं नाही हे आधीच ठरवून.