डेल्फ्टचा टाके घातलेला वाडगा

ॲमस्टरडॅमचे चार दिवस पावसात आणि रांगांत गेले; त्याबद्दल लिहावं असं काही नाही. पाचव्या दिवशी रायस्वाइकला भाचीकडे मुक्काम हलवला आणि तिथून एक नंबरची ट्राम धरून निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या डेल्फ्ट गावाला गेलो.

चौकातली गर्दी नको झाली म्हणून मी मागच्या कालव्याकाठी वळले. तिथे जुन्या वस्तूंचं एक लहानसं दुकान होतं. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. कपाटात निळ्या-पांढऱ्या बशा, फरशा आणि मधोमध वीतभर रुंदीचा एक वाडगा. अठराव्या शतकातला, बाई म्हणाल्या. त्यावर लांब झगा घातलेला चिनी माणूस खडकाशेजारी उभा, मागे कुंपण, आणि त्याच्या डोक्याहून मोठं एक फूल. मी पाहतच राहिले होते, तेवढ्यात आपल्याकडच्याच एका टूरमधले चौघे आत आले. "हॅ, चायनाची कॉपी!" एक जण म्हणाला आणि सगळे बाहेर पडले. मला त्या शब्दाचा राग आला. अजून आहे.

बाईंनी कपाट उघडलं आणि वाडगा माझ्या दोन्ही हातांत ठेवला. काठाचा टवका उडाला होता. वरची झिलई पांढरीशुभ्र, पण आत पिवळट, खडूसारखी माती. तो टवका पाहिला आणि मला सगळी धडपड कळली. चीनकडे पोर्सलीनची, म्हणजे अस्सल चिनी भांड्यांची, पांढरी माती होती, ती भाजायचं तंत्र होतं. डेल्फ्टच्या कुंभारांकडे यातलं काहीच नव्हतं. युरोपात खरं पोर्सलीन करणारा कारखाना जर्मनीतल्या माइसेनला निघाला, तोही 1710 साली. म्हणून यांनी शिशाच्या झिलईत कथील घातलं. आपल्याकडे कल्हईला लागतं तेच कथील! त्याने झिलई दुधासारखी गढूळ होते आणि खालची माती झाकली जाते. ही झिलई भाजण्याआधी पिठासारखी कोरडी असते आणि ब्रशमधला रंग लगेच शोषून घेते. रेघ चुकली तर पुसता येत नाही. शिवाय कोबाल्टचा रंग लावताना काळपट दिसतो, निळा होतो तो भट्टीतच. म्हणजे ज्याने हा माणूस काढला, त्याने आपलं निळं चित्र काळ्यातच मनात पाहिलं असणार. अशा हाताला कॉपी कसं म्हणायचं?

आपल्या बरणीतली माती तरी कुठे चीनची असते? तरी आपण चिनी मातीच म्हणतो. डेल्फ्टवालेही आपल्या मालाला पोर्सलीनच म्हणत. 1653 साली निघालेल्या आणि अजून चालू असलेल्या कारखान्याच्या नावातही पोर्सलीन आहे.

आणि चिनी भांड्यांची ही ओढ डचांना लागली कशी, त्या गोष्टीत आपला किनारा आहे. गोव्याहून लिस्बनला निघालेलं 'साओ तियागो' हे पोर्तुगीज जहाज 1602 साली सेंट हेलेना बेटापाशी डचांनी पकडलं. त्यात चिनी भांडी होती. पुढच्या वर्षी 'सांता कातारिना' पकडलं, त्यातल्या भांड्यांच्या लिलावाने डच श्रीमंत वेडावले. मग 1644 मध्ये मिंग घराणं पडलं, चीनमध्ये युद्धं पेटली, माल येईना. त्याच सुमारास डेल्फ्टच्या बिअरच्या भट्ट्या बंद पडत होत्या. रिकाम्या इमारतींत कुंभार शिरले.

माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. तिथल्या डच वखारीच्या पडक्या भिंतींवर आम्ही मुलं चढायचो. ती वखार ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची, तिच्या सहा शाखांपैकी एक याच डेल्फ्टमध्ये होती. हे मी बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडून वेंगुर्ला हे नाव दोनदा म्हणवून घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं. कॉफी विचारली. अख्ख्या प्रवासात एवढ्या आपुलकीने कोणी बसवून घेतलं नव्हतं.

त्यांनीच मग वाडगा पालथा करून दाखवला. बाहेरून एक लांब तडा आणि त्यावर धातूचे पाच टाके, गोधडीला घालावेत तसे. पूर्वी फुटलेली भांडी अशी भोकं पाडून, तारेने शिवत. कुणीतरी हा वाडगा फेकला नाही. पैसे देऊन शिवून घेतला. माझा गळा दाटून आला. आजीच्या लोणच्याच्या बरणीला असाच तडा होता, आणि "बरणीक हात लावू नको गो" हे तिचं ओरडणं मला तिथे, त्या परक्या गावात, स्पष्ट ऐकू आलं.

टाक्यांमुळे किंमत उतरली होती: एकशे साठ युरो. मी घेतला नाही. विमानात फुटेल, घरचे काय म्हणतील, असं करत वाडगा परत कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ट्राम धरून गेले, तर दुकान बंद. दुपारी आमची ब्रसेल्सची गाडी होती. तुम्हाला असं काही हातात मिळालं तर रात्रभर विचार करत बसू नका, मी बसले.

फोटो आहे. आईला दाखवला, तर तिने चिनी माणसाकडे पाहिलंही नाही. बोटांनी फोटो मोठा करून ती एकेक टाका मोजत बसली.